वारं नसताना वाजणारं दार

आधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर जे काही लिहिलं गेलं ते गॅरेजच्या पत्र्यावर, खडूनं: कुणाच्या ट्रॅक्टरचा कुठला नट सैल ठेवलाय, कुठली गाडी पंपावाचून उभी आहे. अशा घरातल्या माणसानं स्वतःच्या आयुष्याचं प्रकरण लिहायला बसावं, हे माझं मलाच भपकेबाज वाटतं. शिवाय अशा आठवणी मी थोड्याफार वाचल्या आहेत. त्यांत प्रत्येकाचा बाप थोर असतो आणि लेखकानं त्याला वेळेवर ओळखलेलं असतं. मी ओळखलं नव्हतं, त्यामुळे त्या रांगेत बसण्याची माझी लायकी नाही. पण अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आता काहीच ऐकू येत नाही. डावा कान पूर्वीच गेला होता, गेल्या दोन वर्षांत उजवाही गेला. वाचता मात्र येतं, चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत. म्हणून जे बोलायचं राहिलं ते लिहावं लागतंय. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्यावं.

वाटूर फाट्यावर आमचं गॅरेज होतं आणि गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत आमचं घर. पुढे अण्णा घण मारायचे आणि मागे माय भाकरी थापायची. शेजारच्या बाया म्हणायच्या, यांच्यात भांडण झालं तरी कुणाला कळायचं न्हाई, सगळं ठोकण्यातच जातं. जालना, मंठा, परतूर अशा तिन्ही रस्त्यांचे ट्रक फाट्यावर येऊन फुस्स करून थांबत, आणि तो आवाज आला की अण्णा हातातलं काम न सोडता सांगत, "ह्याचं मागच्या ब्रेकचं लायनर गेलं." बहुतेक वेळा गेलेलं असायचं. माय येसराची आमटी करायची. भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं ते पीठ डब्यात भरलेलं असायचं, आणि तो डबा खोलीत जिथं ठेवलेला असे त्याच्या पलीकडच्या बाजूला डिझेलचे कॅन असत. बारावीपर्यंत माझी समजूत होती की येसराला वास असाच असतो. होस्टेलच्या मेसमध्ये पहिल्यांदा दुसऱ्या कुणाची आमटी खाल्ली तेव्हा कळलं, आपण इतकी वर्षं काय खात होतो.

अण्णांची एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. एक कान गेल्यामुळे त्यांनी इंजिन ऐकायची वेगळी रीत काढली होती. हातभर लांबीची, घासून गुळगुळीत केलेली बाभळीची काठी. तिचं एक टोक इंजिनाच्या अंगावर टेकवायचं आणि दुसरं दातांत धरायचं. डोळे मिटायचे. आवाज दातांतून हाडात जातो आणि हाडातून डोक्यात, असं ते सांगत. काठीच्या वरच्या टोकाला त्यांच्या दातांच्या खाचा पडल्या होत्या. फाट्यावरची टवाळ पोरं म्हणायची, "ज्ञानोबा मिस्त्री गाडीला चावून सांगतो, कच्ची का पक्की." लहानपणी मलाही हसू यायचं. मग मी औरंगाबादला मेकॅनिकलला लागलो आणि मला हसू यायचं बंद झालं, लाज वाटायला लागली.

आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. ही गोष्ट लोक अभिमानानं सांगतात, मीही सांगितली आहे, सत्कारात. पण खरं सांगायचं तर तुच्छता ही मी तिथं शिकलेली पहिली गोष्ट, आणि नीट शिकवली गेलेली बहुधा एकमेव. खोलीतली शहरातली मुलं माझा टॉवेल हुंगून एकमेकांकडे बघायची. मी दिवसातून दोनदा अंघोळ करायला लागलो. त्या मुलांनी आयुष्यात नट फिरवला नव्हता. आमच्या प्रयोगशाळेत अर्धं कापलेलं एक इंजिन होतं, लाल-निळा रंग दिलेलं, हँडल फिरवलं की पिस्टन वरखाली होणारं. त्याला तेलाचा थेंब कधी लागला नव्हता. एक सर पिवळ्या पडलेल्या वहीतून वाचून दाखवायचे, आम्ही ते उतरवून घ्यायचो, आणि परीक्षेत त्यांचं त्यांना परत करायचो. या देवाणघेवाणीला आम्ही शिक्षण म्हणत होतो. दोन सुट्ट्यांनंतर मी घरी आलो की गॅरेजमधून न येता मागच्या दारानं यायला लागलो.

तिसऱ्या वर्षी एका झेरॉक्स नोट्समध्ये दीड पानाचा एक भाग होता: व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग. तेव्हा तशा पेट्रोल गाड्या आपल्याकडे नव्यानंच येत होत्या. मला तो भाग फार आवडला आणि समजलाही, निदान दीड पान समजलं. इंजिनाचे व्हॉल्व्ह म्हणजे त्याच्या श्वासाची दारं. ती कधी उघडायची, कधी मिटायची हे कॅमशाफ्ट ठरवतो, आणि कॅमशाफ्टला फिरवतं ते त्याच्या टोकावरचं, साखळीनं ओढलेलं दात्यांचं चक्र. जुन्या इंजिनात हे चक्र शाफ्टवर पक्कं आवळलेलं असतं. वेळ एकदा ठरली की ठरली, गाडी रांगो की धावो. पण हळू चालताना इंजिनाला एका वेळी श्वास हवा असतो आणि जोरात पळताना दुसऱ्या वेळी. म्हणून नव्या इंजिनात ते चक्र पोकळ केलं. आत शाफ्टला जोडलेली पाती आणि पात्यांच्या दोन्ही बाजूंना तेलाच्या खोल्या. एक छोटा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह कधी या खोलीत तेल दाबतो, कधी त्या. तेल दाबलं की पातं सरकतं आणि त्याच्याबरोबर कॅमशाफ्ट चक्राच्या आतल्या आत काही अंश पुढे किंवा मागे फिरतो. दारं थोडी लवकर उघडतात किंवा थोडी उशिरा. बस, एवढंच. नोट्स इथंच संपत होत्या. खालचं अर्धं पान झेरॉक्समध्ये काळं आलं होतं. ते कशाबद्दल होतं हे विचारावं, असं आम्हा साठ जणांत एकालाही वाटलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरी होतो तेव्हा बन्सीशेठची नवी कार फाट्यावर आली. शेठचा जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांचा कारखाना होता. घराणं मूळ राजस्थानचं, पण चार पिढ्या जालन्यातच. त्यांचे ट्रक अण्णांनी वीस वर्षं सांभाळले होते, त्यामुळे कार घेतली तरी तिला कंपनीच्या वर्कशॉपात न पाठवता शेठनं ज्ञानोबा मिस्त्रीकडेच आणावं, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं. रशीदभाई ड्रायव्हर गाडी घेऊन आला होता आणि शेठ स्वतः मागच्या सीटवर. समोरच्या हॉटेलातली चारपाच माणसं चहाचे कप घेऊनच बघायला आली. तक्रार साधी होती. सकाळी गार गाडी चालू केली की दोनतीन सेकंद पुढून खडखड आवाज येतो, मग बंद.

अण्णांनी गाडी गार होऊ दिली. मग वरचं कव्हर काढलं, रशीदभाईला साखळी धरायला लावली आणि कॅमशाफ्टला पाना लावून हलकेच हलवलं. शाफ्ट चक्राच्या आत किंचित फिरला, परत आला. टक, टक.

"ढिला हाय," अण्णा म्हणाले.

मी खोलीतून गॅरेजमध्ये उघडणाऱ्या दारात उभा होतो. इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट बघत होतो तो असा दारात आल्यासारखं मला झालं. मी पुढे गेलो. "अण्णा, तो ढिला नाही. तो हलण्यासाठीच बनवलाय." आणि मी सगळ्यांना दीड पान म्हणून दाखवलं. पोकळ चक्र, पाती, तेलाच्या खोल्या. मला आठवतं, मी ते पुस्तकी मराठीत सांगितलं, घरी कधी बोलत नाही तसं. शेठ सीटवरून उतरून ऐकत राहिले.

अण्णांनी मात्र पहिल्या फटक्यात ओळखलं. "म्हंजे वाफसा बघून पेरल्यावानी. जमीन बघून येळ बदलायची." ते खरंच खूश झाले होते. "भारी डोकं लावलं की रे कुणीतरी!" मग पाना लावून शाफ्ट पुन्हा एकदा हलवून बघितला. "पर दिगू, तेलानं हालतंय म्हणतो ना तू? मंग आत्ता इंजन बंद हाय, तेलाला दाब न्हाई. आत्ता कशानं हालून राह्यलं?"

उत्तर काळ्या आलेल्या अर्ध्या पानात होतं. विचार करून सांगतो, एवढं म्हणण्याइतकाही मी शिकलेला नव्हतो. मी विषय तेलाकडे नेला, कारण तिथं माझी बाजू भक्कम होती. गाडीत काय तेल घातलं होतं ते मी विचारलं. रशीदभाई म्हणाला, कारखान्यातल्या बॅरलचं, ट्रकांना घालतो तेच. अण्णांची रीतच होती, तेल दोन बोटांत धरायचं, बोटं फाकवायची, आणि गुळाच्या पाकासारखी तार धरली तरच पास करायचं. घट्ट तेल म्हणजे ताकदीचं तेल. फाट्यावरच्या सगळ्या इंजिनांचा हाच धर्म.

"ह्या इंजिनाला पातळ तेल लागतं," मी म्हणालो. "एवढं घट्ट तेल त्या बारीक वाटांमधून वर जायलाच वेळ लावतं. तोवर ते खडखडतं. हा पाक तुम्ही ट्रॅक्टरला पाजा."

माणसं हसली. अण्णाही हसले. इथवर मी बरोबर होतो, हे मला आजही नमूद करावंसं वाटतं. बघा, अजून सवय गेली नाही. तेव्हाच रशीदभाईला जालन्याला पिटाळलं, पातळ तेल आलं, जुनं सोडून नवं भरलं. तोवर मायनं सगळ्यांना चिवडा आणि शंकरपाळे दिले आणि शेठ माझ्याशी इंजिनाबद्दल बोलत बसले. अण्णांशी नाही, माझ्याशी. दुपारी गाडी चालू केली. एक बारीक खर्र झालं आणि विझलं.

"वा इंजिनेर!" शेठ म्हणाले. "क्या बात है. मिस्त्री, पोरगं हिरा निघालं तुमचं."

शेठ मागच्या सीटवर जाऊन काच वर करून बसले. अण्णांनी रशीदभाईला गाडी बंद करायला सांगितलं. काठी आणली. एक टोक इंजिनाच्या पुढच्या अंगावर टेकवलं, दुसरं दातांत धरलं, डोळे मिटले आणि हातानं खूण केली. गाडी चालू झाली. अण्णांनी काठी तोंडातून काढली. "हाय अजून. तेलाच्या आधी दोन ठोके हायेत." मग माझ्याकडे वळून, समजावून सांगितल्यासारखं, "वारं असलं का दार हालतं, ते बराबर हाय तुझं. पर वारं न्हाई आन दार वाजून राह्यलं, म्हंजे कडी लागत न्हाई. आत कुठंतरी कडी असंल बघ ह्याला."

आता जे झालं ते लिहितो. मी अण्णांच्या हातातून ती काठी घेतली. वरचं टोक ओलं होतं. ती मी भंगाराच्या ढिगावर टाकली आणि म्हणालो, "शेठजींसमोर हे चावणं तरी बंद करा. कडी म्हणे. हे काय गोठ्याचं दार आहे?"

हॉटेलातली माणसं पोट धरून हसली. एकानं विचारलं, "ज्ञानोबा, पोरानं दात पाडले का रं?" अण्णांनी खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसलं. मग वाकून कव्हर बसवलं, एकेक बोल्ट, आडव्या क्रमानं, जसं बसवायचं असतं तसं. शेवटचा बोल्ट आवळून म्हणाले, "इंजिनेर म्हणतो तर बराबर असंल." त्या आवाजात राग नव्हता. असता तर मला भांडता आलं असतं. जेवताना माय माझ्या ताटात भाकरी वाढून एवढंच म्हणाली, "लई शिकला रं तू." मी ते कौतुक समजलो. मी किती मूर्ख होतो हे कळायला यापेक्षा जास्त पुराव्याची गरज नसावी.

दोन दिवसांनी मी औरंगाबादला परतलो. होस्टेलवर हा किस्सा मी रंगवून सांगितला, काठीसकट, अण्णा कसे चावतात त्याची नक्कल करून. खोलीतल्या मुलांनी पहिल्यांदा मला त्यांच्यातलं मानलं. पुढच्या सुट्टीत घरी आलो तर अण्णांनी कारला हात लावणं बंद केलं होतं. कुणी आणली तर म्हणत, "आपलं काम ट्रॅक्टर, ट्रक. ह्यातलं आपल्याला न्हाई कळत." मला बरं वाटलं, की निदान मर्यादा तरी समजल्या.

पास झालो, पुण्याजवळच्या एका कारखान्याचं बोलावणं आलं आणि तिथं लागलो. मुलाखत जेमतेम पाच मिनिटांची झाली होती. मी ठरवून टाकलं की माझी हुशारी त्यांना पाच मिनिटांत दिसली. कारखान्यात नेमकी हीच चक्रं बनत. पहिल्या आठवड्यात ट्रेनिंगला एक जाडजूड पुस्तक दिलं, त्यात चक्राचा सुटा करून दाखवलेला नकाशा होता. चक्र, पाती, खोल्या, आणि एका पात्याच्या पोटात स्प्रिंगवर बसवलेली करंगळीच्या पेराएवढी एक खिट्टी. खाली लिहिलं होतं: इंजिन बंद झालं की तेलाचा दाब जातो, स्प्रिंग खिट्टीला समोरच्या भोकात ढकलते आणि चक्र शाफ्टला जखडून ठेवते, म्हणजे पुन्हा चालू करताना तेल येईपर्यंत ते आदळत नाही. तेल आलं की तेच खिट्टीला मागे रेटतं आणि चक्र मोकळं होतं. खिट्टी किंवा तिचं भोक झिजलं तर चालू करताना दोनतीन सेकंद खडखड ऐकू येते.

मी पान उलटलं. वाटूरला फोन केला नाही. हॉटेलात फोन होता, निरोप दिला असता तर अण्णा आले असते. तेव्हा त्यांना एका कानानं स्वच्छ ऐकू येत होतं.

याहून हीन गोष्ट पुढची आहे. चारपाच वर्षांत मीच नव्या पोरांना ट्रेनिंग द्यायला लागलो आणि ती खिट्टी समजावताना माझ्या तोंडून आपोआप यायचं, "वारं असताना दार हलतं. वारं नसताना वाजलं, तर समजा कडी लागत नाही." पोरं खूश व्हायची. साहेबांनाही ते इतकं आवडलं की पडद्यावर दाखवायच्या चित्रांत एक दार आणि एक कडी घातली. खाली माझं नाव. वीस वर्षं मी ते दार दाखवतोय. टाळ्या येतात. गुळगुळीत शर्टातली माणसं मला विचारतात, तुम्हाला इतकं सोपं कसं सुचतं? मी मान खाली घालून हसतो, आणि ते त्याला नम्रपणा समजतात. माझ्यासारखे अनेक जण मी या धंद्यात पाहिले आहेत. मिस्त्रीच्या कानावर जगतात आणि मिस्त्रीला 'अनस्किल्ड' म्हणतात. त्यांचा मला तिटकारा येतो, आणि तो कुणाचा येतो हे मला ठाऊक आहे.

मागच्या हिवाळ्यात बीडचं एक लग्न उरकून वाटूरकडे येत होतो. शहागडला पुलाच्या अलीकडे चहाला थांबलो तर शेजारच्या बाकावरून एक म्हातारा माझ्याकडे बघत होता. दाढी पांढरी झालेली, पण मान तिरकी करून बघायची लकब तीच. रशीदभाई. आता मुलाच्या टेम्पोवर सोबतीला जातो म्हणाला. अण्णांची चौकशी केली, कान गेल्याचं ऐकून चुकचुकला. मग हसला.

"इंजिनेर, वो कार याद है? शेठची?"

मी म्हणालो, आहे.

"तुम्ही गेल्तात कॉलेजला, आन आठ दिसांत आवाज डबल. तुमच्या अण्णानं मला बोलावून घेतलं. बोले, शेठला सांगू नको, गाडी घे, औरंगाबादला कंपनीच्या वर्कशॉपला जाऊ. मी गाडी आत नेली. त्यांना गेटवरच रोखलं, मळके कपडे बघून. दिवसभर बसले बिचारे गेटाभायेर. आतल्यांनी चक्र खोललं, तर आतली बारीक खुंटी घासलेली बिलकुल. नवं चक्र टाकलं. अण्णानं जुनं मागून घेतलं, फडक्यात बांधलं, वाटेभर मांडीवर घेऊन बसले."

अण्णा माझ्या कॉलेजपासून फार तर चार मैलांवर बसले होते. त्या दिवशी मी बहुधा त्यांचीच नक्कल करत होतो.

मी रशीदभाईला विचारलं, मग शेठला काय सांगितलं?

"वही तो." त्यानं बशीत चहा ओतला. "दुसऱ्या दिशी गेलो आम्ही शेठकडं. अण्णानं ते चक्र टेबलावर ठेवलं, बोटानं खुंटी दाखवली. बोले, शेठ, माझ्या पोरानं जाताना सांगितलं होतं, वारं न्हाई तरी दार वाजतं म्हंजे कडी गेली. मीच ऐकलं न्हाई त्याचं. शेठ इतका खूश, माझ्यासमोर फोन उचलला. पुण्याला त्यांचे कोण पाहुणे होते ना कारखान्यात, त्यांना बोले, एक पोरगा हाय, पास झाला का बोलावून घ्या, ठेवून घ्या. तुम्हाला अण्णांनी सांगितलं आसंल की सगळं."